तीन हजारांच्या वरचा आवाज

हुन्नरने अकरावी घोडी तंबोऱ्यावर बसवली, चारही तारा एकेक करून छेडल्या आणि नेहमीच्या थंड सुरात जाहीर केलं, "नमुन्याशी जुळणी शंभरात नव्व्याण्णव. काम बरोबर आहे."

"बरोबर काय, डोंबल!" शिरीन म्हणाली. "गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय."

"गोधडी हे माप माझ्याकडे नाही," हुन्नर म्हणाला.

हुन्नर म्हणजे शिरीनच्या नानांच्या कारखान्यातला यंत्रमानव. त्याला डोकं नाही, पाय नाहीत. कामाच्या टेबलाला स्क्रूने पक्का बसवलेला एक लांब हात, एक कॅमेरा आणि एक माइक, एवढाच त्याचा संसार. पण केसाच्या जाडीचा शंभरावा भाग घासायला सांगा, तेवढाच घासेल. आणि घोडी म्हणजे टापा वाजवणारी घोडी नव्हे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी झाकण असते तिच्यावर एक छोटं, रुंद बाकडं असतं, त्यावरून तारा जातात. त्या बाकड्याला मिरजेच्या वाद्यांच्या गल्लीत घोडी म्हणतात. आपली ही गोष्ट अजून चाळीसेक वर्षांनी घडायची असली, तरी त्या गल्लीत घोडीला घोडीच म्हणत असतील याची मला खात्री आहे.

आता कोडं असं होतं. हुन्नरचं माप चुकत नव्हतं. खुर्चीत बसलेले नानासुद्धा मान डोलावून "छान जमलं की" म्हणत होते. नाना, म्हणजे इलियासभाई, काही साधे श्रोते नव्हते. पुण्याच्या स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं ध्वनिमिश्रण केलं होतं, म्हणजे वेगवेगळ्या माइकवर टिपलेले आवाज एकत्र करून गाणं तयार केलं होतं. मग बारा वर्षांच्या शिरीनलाच तो तंबोरा मुका का वाटावा?

आणि वेळ फार थोडा होता. तंबोरा वेणूताई दातीरांचा. त्या गायिका, वय एक्याऐंशी. तंबोरा घडवला होता नानांच्या अब्बांनी, हसन मिस्त्रींनी. सत्तेचाळीस वर्षं तारा घासून घोडीवर चर पडले होते आणि आवाज बसला होता. वेणूताईंनी निरोप धाडला होता, "मिस्त्रींचा होता तसाच करून द्या. दुसरा नको, दुसरे माझ्याकडे चार आहेत." नानांनी शब्द दिला होता. हुन्नरने आधी साध्या हाडाच्या अकरा नव्या घोड्यांवर हात बसवला होता. उद्या सकाळी तो मिस्त्रींची मूळ घोडी, सांबरशिंगाची, घासणार होता. ती एकदा घासली की मिस्त्रींच्या हाताचा आकार कायमचा जाणार. दुसरी संधी नव्हती.

"तुझा नमुना मला दाखव," शिरीन हुन्नरला म्हणाली.

नमुना म्हणजे वेणूताईंचं पहिलं ध्वनिमुद्रण. त्यात हाच तंबोरा होता, नवा कोरा. हुन्नर त्याच्याशीच प्रत्येक घोडीचा आवाज ताडून बघत होता. त्याने भिंतीवर आलेख पाडला. खाली जाड आवाज, वर बारीक. शेजारी कंपनसंख्या (एका सेकंदात होणाऱ्या थरथरींची संख्या) लिहिलेली. सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत होता. दोनशेवर एक ठळक रेघ दिसली, मग चारशेवर, सहाशेवर, आठशेवर.

"एकाच तारेच्या इतक्या रेघा?"

"तार मूळ स्वराबरोबर उपस्वर (आपोआप उमटणारे वरचे स्वर) देते," हुन्नर म्हणाला. "दोनशेच्या पटीत."

रेघा वर वर चढत गेल्या आणि तीन हजारांपाशी एकदम संपल्या. विरल्या नाहीत, संपल्या. वर नुसता काळोख. शिरीनला ते चमत्कारिक वाटलं. आवाज असा करवतीने कापल्यासारखा कशाला संपेल?

"जुन्या काळच्या माइकला बारीक आवाज पकडता येत नसतील," ती म्हणाली.

पण तेवढ्यात आलेखात वेणूताईंचा आवाज सुरू झाला आणि तिच्या तर्काची दांडी गुल झाली. 'स' आणि 'श' उच्चारताना बारीक ठिपके पार बारा हजारांपर्यंत उडत होते. तबल्याच्या चाटेवरची, म्हणजे कडेवरची थाप दहा हजारांपर्यंत जात होती. म्हणजे माइक उत्तम होते, यंत्रं उत्तम होती. एकट्या तंबोऱ्याचं डोकं उडवलेलं होतं.

"हुन्नर, हे कुणीतरी मुद्दाम कापलंय."

"शक्य आहे. मला फक्त जुळवायला सांगितलं होतं."

बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? त्याला बिनडोक्याचं चित्र दिलं, त्याने अकरा वेळा बिनडोक्याची मूर्ती घडवली. शिरीनने मुद्रणाची माहिती उघडली. गायन, वेणूताई दातीर. तंबोरा, हसन मिस्त्री. आणि तिसऱ्या ओळीत, ध्वनिमिश्रण, इलियास.

तिला वाटलं, ही ओळ आपण वाचलीच नसती तर बरं झालं असतं. पण उद्या सकाळ होणारच होती. ती नानांच्या खुर्चीपाशी जाऊन बसली.

"नाना, तुम्ही तंबोऱ्याचा वरचा आवाज कापला होता का?"

नाना भिंतीवरच्या आलेखाकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "ही रेघ मी विसरलोच होतो, बेटा."

त्यांनी पुण्याहून आणलेलं जुनं मिश्रणाचं टेबल चालू केलं. त्यावर बटणांची रांगच रांग होती.

"हे बघ. याला म्हणतात इक्वलायझेशन (आवाजातल्या जाड, मधल्या, बारीक भागांचं प्रमाण कमी-जास्त करणं). तू काहीतरी बोल."

"मी शिरीन, मला भूक लागलीय," शिरीन माइकमध्ये म्हणाली.

नानांनी वरची बटणं खाली ओढली. आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा झाला. 'मी' आणि 'ला' कळत होते, 'शि' गायबच झाला. मग त्यांनी खालची बटणं ओढली. आता शिरीन चिमणीएवढी झाली. शिरीनला हसू फुटलं.

"हे वाईट नसतंय," नाना म्हणाले. "चार जणं एकदम बोलायला लागली तर कुणाचंच कळत नाही. गाण्यात तसंच होतं. तबल्याचा घुमारा गळ्यावर चढतो, मग तबल्याचा तेवढा भाग जरा उतरवायचा, गळ्याला जागा करून द्यायची. आमचं सगळं काम म्हणजे जागा करून देणं. आता दुसरं बघ. कॉम्प्रेशन (आवाजाचा चढउतार आवळणं)."

"ते कसं करतात?"

"शाळेत वर्गाचा फोटो काढताना काय करतात? उंच पोरांना वाकायला लावतात आणि मग सगळ्या रांगेला बाकावर चढवतात. डोकी एका ओळीत येतात, फोटोत सगळी दिसतात. तसंच. आपण एक मर्यादा ठरवायची. आवाज तिच्यावर गेला की यंत्र त्याला दाबतं. चार पायऱ्या वर गेला तर एकच पायरी जाऊ देतं. मोठे आवाज बुटके झाले की वर जागा मोकळी होते, मग अख्खं गाणंच वर उचलायचं. हळू आवाजही ऐकू यायला लागतात. रिक्षात बसून फोनवर ऐकणाऱ्याला गायिकेचा श्वासही कळतो."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच. पण फोटोवरून खरा उंच कोण ते सांग बघू."

"ते नाही कळणार," शिरीन म्हणाली.

"तंबोऱ्याची तार छेडली की आवाज लगेच पूर्ण येत नाही," नाना सांगू लागले. "आधी येतो, मग फुलतो, वर चढतो, मग हळूहळू मावळतो. ते फुलणं म्हणजेच जवारी. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकीशी टेकते, सुटते, टेकते. त्यातून ते बारीक उपस्वर निघतात. अब्बा तो उतार कानसेने घासून काढायचे, कानाने. मी वरचे उपस्वर कापले, आणि उरलेलं फुलणं आवळून सपाट केलं."

"पण का?"

ते आपल्या हातांकडे बघत बोलले.

"सगळ्यांना वाटेल, फोनवर स्वच्छ वाजावं म्हणून. तेही होतंच. पण खरं सांगू? मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. मी याच खोलीत जन्मलो. पाळण्यात होतो तेव्हापासून वीस-वीस तंबोऱ्यांची झणझण कानात. नदीकाठच्या माणसाला पाण्याचा आवाज येत नाही, तसं झालं होतं माझं. मिश्रण करताना वेणूताईंच्या गळ्यामागे काहीतरी सळसळ वाटली आणि मी ती कचरा समजून काढून टाकली. परक्या गावचा एखादा पोरगा त्या टेबलावर बसला असता ना, तर त्याने कधी हात लावला नसता. तो दचकला असता, हे काय सुंदर वाजतंय म्हणून. मिस्त्रीच्या पोरानेच मिस्त्रीची जवारी कापली."

"पणजोबांना कळलं होतं?"

"अब्बांनी फोनवर गाणं ऐकलं. सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मग विचारलं, 'आपला तंबोरा कुठंय रे यात?' मी हसलो. म्हटलं, अब्बा, साथीला आहे, मागे आहे. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले."

शिरीनला त्या हसण्याचा राग आला आणि नानांची दयाही आली. तिने आलेखातला तीन हजारांच्या वरचा भाग निवडला आणि सगळी बटणं वर सरकवली. कापलेलं परत वाढवता येईल की! खोलीत नुसती फुसफुस भरली, नळ कोरडा पडल्यावर येते तशी. तंबोरा नव्हता.

"जे ठेवलंच नाही ते वाढवणार काय," नाना म्हणाले. "मूळ ट्रॅकही नाहीत. प्रत्येक वाद्याचं वेगळं मुद्रण असतं ना, ते. डिस्कवर जागा हवी होती म्हणून पुढच्याच आठवड्यात मी त्यावर साबणाची जाहिरात भरली."

"पण नाना, अकराव्या घोडीला तुम्ही छान म्हणालात. वर काहीच नाही हे तुम्हाला आत्तासुद्धा कळलं नाही?"

हा प्रश्न तिने साधेपणाने विचारला होता. उत्तर हुन्नरने दिलं, तेही न विचारता. त्याने एक शिट्टी सुरू केली आणि ती हळूहळू वर चढवत नेली. दोन हजार. अडीच हजार. तीन.

"बंद केलीस?" नानांनी विचारलं.

"नाही नाना," शिरीन म्हणाली. "अजून वाजतेय."

शिट्टी वाजतच होती. आठ हजार, बारा हजार. पंधरा हजारांवर शिरीनने कानांवर हात ठेवले. नाना शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत होते. कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी, आणि वय झालं की त्याच आधी झिजतात. नानांना हे पाठ होतं. आपले कान किती झिजलेत, हे मात्र त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. वेणूताईंचं वय तर त्यांच्याहूनही जास्त. ज्यांना तो आवाज आठवत होता त्यांना तो ऐकू येत नव्हता, आणि जिला ऐकू येत होता तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

"उद्याचं काम रद्द करू," नाना म्हणाले. "वेणूताईंना सांगतो, मला जमणार नाही. का जमणार नाही तेही सांगतो."

त्यांनी मूळ घोडी कापडात गुंडाळायला घेतली. शिरीनने ती शेवटची बघायला म्हणून मागितली आणि हुन्नरच्या दिव्याखाली धरली. मधासारखा रंग, आणि तारांनी खाल्लेले चार काळपट चर. तिने ती कलती केली, तशा चरांच्या मधल्या पट्ट्या लखलखल्या.

"नाना, इथे तार कधी टेकलीच नाही ना?"

"नाही. तार आपली जागा सोडत नाही."

"मग इथे पणजोबांनी घासलं होतं तसंच असेल!"

नानांनी घोडी हातात घेतली. अंगठा हळूच त्या पट्टीवरून फिरवला. मग खुर्ची ओढून हुन्नरसमोर बसले. "गाणं विसर," त्यांनी त्याला हुकूम केला. "नमुना हा. या तीन पट्ट्यांचा उतार मोज."

"ध्वनीच्या नमुन्याशी जुळणी कमी होईल," हुन्नरने बजावलं.

"होऊ दे की!"

मोजायला दोन तास लागले. उतार फार कमी होता, डोळ्यांना तर दिसतच नव्हता, आणि प्रत्येक पट्टीचा थोडा वेगळा. दुसऱ्या दिवशी सकाळी हुन्नरने घोडीचा माथा अगदी थोडा खाली घेतला, चर नाहीसे होईपर्यंत, आणि तोच उतार पुन्हा काढला. नानांनी तारा चढवल्या, सूर मिळवले. आता शेवटचं काम उरलं होतं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की जवारी खुलते. एक केसभर पुढेमागे झाला की खुलत नाही.

हे काम हुन्नरला येत नव्हतं. धाग्याचा ताण त्याला समजत नसे, तो धागे तोडायचा. नानांच्या बोटांना ते लहानपणापासून येत होतं, पण आता कान साथ देत नव्हते.

"मी सरकवतो," नाना म्हणाले. "तू ऐक. पण कशासारखं असावं ते मला सांगता येणार नाही, बेटा. खुललं की तुझं तुलाच कळेल."

तार वाजली. "गोधडी," शिरीन म्हणाली. धागा सरकला. "अजून गोधडीच. अजून थोडं. आता जरा... नाही, गेलं. मागे घ्या. आणखी मागे." नाना तार छेडत होते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "थोडंसंच पुढे. थांबा! नाना, थांबा, हलवू नका!"

तिला जे ऐकू आलं ते तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तारेतून एक आवाज निघाला, मग त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, आणि सगळ्यांच्या वर काहीतरी लखलखत, गोल फिरत खोलीभर पसरलं. तिला वाटलं खोलीत आणखी कुणीतरी गातंय. तिने दाराकडे बघूनही घेतलं.

"झालं?" नानांनी विचारलं. तिने मान डोलावली. त्यांनी उरलेल्या तीन तारांचे धागेही तसेच लावले.

दुपारी वेणूताई आल्या. नानांनी त्यांना आधी सगळं सांगितलं. कापलेलं, आवळलेलं, अब्बांचा प्रश्न, काहीही लपवलं नाही. वेणूताई ऐकत राहिल्या.

"इतकी वर्षं मला वाटायचं, त्या मुद्रणात माझाच गळा कोरडा लागलाय," त्या म्हणाल्या. "मी ते घरात कधी लावलं नाही."

नानांची मान खाली गेली. वेणूताईंनी तंबोरा उभा धरला, गालाला टेकवला, छेडला आणि डोळे मिटून सा लावला. थोडा वेळ गायल्या.

"तसाच आहे का, ते मला नाही सांगता येणार, इलियास. कान राहिले नाहीत. पण सूर शोधावा लागला नाही." एवढं बोलून त्यांनी तंबोरा पुन्हा छेडला.

शिरीनने ते सगळं मुद्रित केलं. काही कापलं नाही, काही आवळलं नाही. ती मूळ प्रत तिने दोन ठिकाणी जपून ठेवली. वेणूताई गेल्यावर ती मिश्रणाच्या टेबलाशी बसली आणि त्याच मुद्रणाची आणखी एक प्रत काढली, खास नानांसाठी. त्यांच्या कानांना जिथून कमी येतं, तीन हजारांच्या वर, तिथली बटणं तिने चढवली. चढवलेला आवाज टोचू नये म्हणून अगदी हलकं कॉम्प्रेशन लावलं. चार पायऱ्यांना एक नाही, चाराला तीन.

नानांनी हेडफोन घातले.

"येतंय," ते म्हणाले. "थोडं थोडं येतंय. वरचं आणखी दे."

तिने दिलं. "आता?"

"आणखी."

"आता, नाना?"

"नाही. येतंय ते तेवढंच." त्यांनी हेडफोन काढले नाहीत. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं तरी ते पुसलं नाही. "हे कान शाबूत होते तेव्हा मी कापलं, बेटा. आता कुणी कापलेलं नाही, तर माझ्याकडे घ्यायला कान नाहीत."

शिरीन त्यांच्या शेजारी बसून राहिली. गाणं संपलं, त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, तिने लावलं.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा ती उठली. टेबलाच्या कडेला हाडाचा एक कोरा तुकडा पडला होता. तिने खणातून कानस काढली. हुन्नरचा कॅमेरा तिच्याकडे वळला.

"मी घासून देऊ का?"

"नको," शिरीन म्हणाली. "तू नुसता मोजत राहा. कधी थांबायचं ते मी ऐकून सांगते."